'स्टॉकी अँड कंपनी' वाचायचंय? मग अशी वाचा

रुडयार्ड किपलिंग म्हटलं की आपल्याकडे मोगली आणि शेरखान, फार तर किम. पण त्याच माणसाचं 1899 साली आलेलं शाळकरी पोरांच्या उचापतींचं एक पुस्तक आहे, 'स्टॉकी अँड कंपनी', आणि माझ्या मते व्हिक्टोरियन काळातलं सगळ्यात डोकेबाज व्रात्य कार्टं त्यातच सापडतं. अडचण एवढीच की बरेच जण मोठ्या उत्साहाने पुस्तक डाउनलोड करतात, दहा-पंधरा पानं वाचतात आणि सोडून देतात, कारण पुस्तक तुम्हाला काहीच समजावून सांगत नाही. पहिल्या पानापासून पोरं आपल्या भाषेत बडबडायला लागतात, मधेच मोडकंतोडकं फ्रेंच, मधेच लॅटिन, कोण मास्तर कोण पोरगा पत्ता लागत नाही, आणि सगळे कशाला एवढे हसतायत तेही कळत नाही. थोडी तयारी करून बसलात ना तर हेच पुस्तक खाली ठेवता येत नाही. ती तयारी कशी करायची आणि कुठल्या क्रमाने वाचायचं ते इथे सांगतो.

आधी शाळा समजून घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं. नियम काय होता हे माहीत नसेल तर तो मोडला यात गंमत कसली, त्यामुळे पुस्तक उघडायच्या आधी पाच मिनिटं या शाळेला द्या.

गोष्टीतलं 'कॉलेज' म्हणजे खरोखरची युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज ही शाळा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात उत्तर किनाऱ्यावर, बिडफर्ड गावाजवळ. गावाचं नाव वेस्टवर्ड हो!, उद्गारचिन्हासकट, कारण 1855 च्या एका गाजलेल्या कादंबरीवरूनच ते वसवलं आणि नाव दिलं गेलं. शाळा 1874 ला निघाली. लष्करातल्या अधिकाऱ्यांना मोठ्या नामांकित शाळांची फी परवडायची नाही, म्हणून त्यांनीच मिळून आपल्या मुलांसाठी ही स्वस्तातली शाळा काढली. शाळेसाठी वेगळी इमारत बांधली नव्हती, समुद्राकाठी ओळीने बारा घरं होती तीच घेतली. पुस्तकाच्या सुरुवातीच्या कवितेत या बारा उदास घरांचा उल्लेख येतो तो अक्षरशः खरा आहे. बहुतेक पोरांचे बाप हिंदुस्थानात नाहीतर आणखी कुठल्या छावणीत, पोरांचा जन्मही बऱ्याचदा तिकडचाच, आणि पुढे आपणही लष्कराच्या परीक्षेला बसायचं हे सगळ्यांना माहीत. म्हणजे ही लाडावलेल्या लॉर्डांची पोरं नाहीत, खिशात पैसे नसलेली आणि आईबापांपासून हजारो मैल लांब राहणारी पोरं आहेत. त्यांच्या चिवटपणाचं मूळ इथे आहे, हे वाचताना सतत लक्षात असू द्या.

किपलिंग स्वतः त्यातलाच. 30 डिसेंबर 1865 ला मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला, वडील तिथे शिकवायचे. लहानपणीच इंग्लंडला पाठवला आणि 1878 ते 1882 या शाळेत होता.

आता पात्रं. तिघं मित्र आहेत, पाच नंबरच्या स्टडीत राहतात (स्टडी म्हणजे मोठ्या मुलांना दोघा-तिघांत मिळून मिळणारी अभ्यासाची छोटी खोली, हा मोठा मान असायचा). पहिला कॉर्करन, ज्याला सगळे स्टॉकी म्हणतात, हा प्लॅन करणारा. दुसरा मॅकटर्क, आयरिश, घरची भली मोठी पण ओसाड जमीन, बोलणं कमी आणि राग आला की साहेबालाही ऐकवणारा. तिसरा बीटल, जाड चष्मा लावणारा, खेळात ढ, सतत काहीतरी वाचणारा आणि कविता करणारा, हा म्हणजे किपलिंगच. बाकीचे दोघंही खरे होते. स्टॉकी म्हणजे लायोनेल डन्स्टरव्हिल, जो पुढे मेजर जनरल झाला आणि 1918 मध्ये बाकूपर्यंत ब्रिटिश फौज घेऊन गेला. मॅकटर्क म्हणजे जॉर्ज बेरेसफर्ड, तो फोटोग्राफर झाला आणि लेखिका व्हर्जिनिया वुल्फचा 1902 सालचा तो बाजूने काढलेला प्रसिद्ध फोटो आहे ना, तो त्याने काढलेला.

मास्तरांची ओळख जास्त नीट करून घ्या, कारण खोडी त्यांच्या स्वभावावर उभी आहे. किंग मास्तर लॅटिन शिकवतो, विद्वान आहे, आणि जीभ अशी तिखट की पोराला वर्गात उभं करून सोलून काढतो. प्राउट मास्तर हा या तिघांच्या हाऊसचा प्रमुख, मनाने वाईट नाही पण संशयी, आणि 'आपल्या हाऊसची अब्रू' हा त्याचा कायमचा विषय. हार्टप मास्तर निसर्गप्रेमी, मवाळ. फॉक्सी म्हणजे शाळेचा सार्जंट, पोरांवर पाळत ठेवणं हे त्याचं काम. पाद्रीबाबा पोरांच्या स्टडीत येऊन गप्पा मारत बसतो, त्याला पोरं मानतात. आणि या सगळ्यांच्या वर हेडमास्तर, ज्याला सगळं आधीच कळलेलं असतं. हाही खरा माणूस, कॉर्मेल प्राइस, आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलंय.

एक गोष्ट आपल्याला पटकन लक्षात येत नाही. शाळा वेगवेगळ्या हाऊसेसमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक हाऊस म्हणजे एकेका मास्तराचं राज्य. किंगचं हाऊस वेगळं, प्राउटचं वेगळं, आणि त्यांच्यात कायम चुरस. एका हाऊसची नाचक्की म्हणजे त्या मास्तराची नाचक्की. याशिवाय तीन-चार शब्द माहीत असले की झालं: बाउंड्स म्हणजे जिथपर्यंत जायची परवानगी आहे ती हद्द, प्रेप म्हणजे संध्याकाळी बसून करायचा अभ्यास, लाइन्स म्हणजे शिक्षा म्हणून लिहून काढायच्या ओळी, प्रीफेक्ट म्हणजे वरच्या वर्गातले अधिकार मिळालेले मॉनिटर.

कॉपी कुठली घ्यायची

फुकट मिळते, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. फक्त हे बघा की 1899 च्या मूळ पुस्तकात नऊ गोष्टी आहेत आणि 1929 मध्ये आणखी पाच घालून चौदांचं पूर्ण पुस्तक निघालं. छापील घेत असाल तर चौदावालं घ्या, कारण जादाच्या पाचांत 'रेग्युलस' नावाची एक गोष्ट आहे जी मला सगळ्या पुस्तकाची चावी वाटते, तिच्याबद्दल पुढे सांगतो. या जादाच्यांत 'स्टॉकी' नावाचीही एक आहे, त्याला हे नाव कसं पडलं त्याची. चौदांच्या पुस्तकात ती बहुधा सुरुवातीलाच भेटेल, तिच्यापासून सुरुवात केली तर बिघडत नाही पण मी तसं सांगणार नाही. नंतर वाचा.

वाचताना काय शोधायचं

स्टॉकीचा एक नियम आहे जो तो कधी बोलून दाखवत नाही. तो शत्रूला सहसा स्वतः हात लावत नाही. तो फक्त एवढं बघतो की समोरचा माणूस कशाने चिडतो, कशाला भुलतो, कुठे आंधळा आहे, आणि मग परिस्थिती अशी मांडतो की तो माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन खड्ड्यात पडतो. म्हणून प्रत्येक गोष्ट वाचताना दोन गोष्टी शोधत राहा: पोरांना नक्की काय लागलंय, आणि हिशेब शेवटी कुणाच्या हातून चुकता झालाय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच 'स्टॉकीच्या' असं येतं. हे एकदा दिसायला लागलं की भाषा थोडी अडली तरी गोष्ट सुटत नाही.

पहिली गोष्ट: 'इन अँबुश', हिला वेळ द्या

सुरुवात इथूनच करा आणि घाई करू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या.

उन्हाळ्यात कॉलेजमागच्या टेकडीवर काटेरी झुडपांच्या आत पोखरून पोरं लपायच्या जागा करतात, सगळीकडे खुंट आणि काटे, पण सक्त मनाई आहे म्हणून तो राजवाडा. आपल्या तिघांची अशी एक जागा आहे, तिथे ते लपून पाइप ओढतात. प्राउट स्वतःच शोध घेत तिथपर्यंत पोचतो. इथे साधं व्रात्य पोर दुसरी जागा शोधेल. स्टॉकी काय करतो, तर तिघांना घेऊन हार्टप मास्तरच्या निसर्ग अभ्यास मंडळात नाव घालतो! किडे-फुलं गोळा करायची म्हटलं की हद्द वाढवून मिळते, म्हणजे आता कुठे फिरताय हे विचारायची सोयच नाही. प्राउटला काही हे पचत नाही, या तिघांना अचानक फुलपाखरांचं प्रेम कुठून आलं, म्हणून संशय आणखी वाढतो आणि तो माग काढायला लागतो.

फिरता फिरता पोरं कर्नल डॅबनी नावाच्या तापट जमीनदाराच्या रानात शिरतात. आणि तिथे राखणदार कोल्ह्यावर गोळी झाडताना त्यांना दिसतो.

हा भाग आपल्या वाचकाला हमखास अडतो, कारण कोल्ह्यावर गोळी झाडली यात एवढं काय? तर त्या काळातल्या इंग्लंड-आयर्लंडच्या जमीनदार वर्गात कोल्हा हा घोड्यावर बसून, कुत्र्यांच्या झुंडीने पाठलाग करून मारायचा प्राणी. त्याला बंदुकीने मारणं म्हणजे शेजारच्या सगळ्या शिकारी मंडळींशी दगाबाजी, खानदानाला बट्टा. मॅकटर्क स्वतः जमीनदाराचा मुलगा, त्यामुळे तो एवढा भडकतो की आपण दुसऱ्याच्या हद्दीत चोरून शिरलोय हे विसरून सरळ कर्नलच्या घरी जाऊन त्यालाच फैलावर घेतो. आणि कर्नल, जो या पोरांना चाबकाने हाकलायला निघालेला असतो, तो हळूहळू वरमतो, कारण आता समोर शाळकरी पोरगा नाहीये, बरोबरीचा जमीनदार बोलतोय. ते दोन-तीन पानांचं संभाषण सावकाश वाचा, मॅकटर्कची आयरिश बोली रागाच्या भरात कशी वर येते ते बघा. मोठ्याने वाचलंत तर अजून छान कळेल.

शेवटी कर्नल यांना रानात कधीही यायची परवानगी देऊन टाकतो. आणि पोरं ही परवानगी शाळेत कुणालाही सांगत नाहीत. सगळा डाव या गप्प बसण्यात आहे. पुढे प्राउट, किंग आणि फॉक्सी माग काढत त्या रानात शिरतात, कर्नलच्या तावडीत सापडतात, आणि तो त्या विद्वान मास्तरांना चोरासारखं झापतो तेव्हा ही तिघं फाटकाजवळच्या घरात बसून सगळं ऐकत असतात. पोरांनी काय केलं? काहीच नाही. परवानगी घेऊन गेले होते. मास्तरांना तिथे आणलं ते त्यांच्याच संशयाने.

आता शेवट, आणि इथेच बरेच वाचक गोंधळतात. प्रकरण हेडमास्तरकडे जातं. तो ऐकून घेतो, सगळं ओळखतो, नियमाने बोट ठेवायला जागा नाही हे कबूल करतो, आणि 'म्हणूनच मी आता तुमच्यावर उघड अन्याय करणार आहे' असं सांगून तिघांनाही छड्या मारतो. वर जाताना म्हणतो, त्या फळीवरची पुस्तकं न्यायची तर न्या, परत आणून ठेवा. पोरं चिडत नाहीत, उलट खूश होतात. का, तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डावाची कुणीतरी खरी कदर केलीय. छडीचं मी समर्थन करत नाही, आजच्या शाळेत तिला जागा नाही आणि नसावी. पण हे नातं नाही समजलं तर पुढच्या गोष्टींत हेडमास्तर नुसता हुकूमशहा वाटेल, आणि तो तसा नाहीये.

भाषेचं काय करायचं

दर ओळीला डिक्शनरी उघडू नका, रस जाईल. पोरं 'ग्लोट' करत नाचतात, त्याला चुकीचं फ्रेंच व्याकरण लावून ओरडतात, ते नुसतं विजयाचं आरडाओरड म्हणून घ्या, अर्थ शोधत बसू नका. लॅटिनच्या ओळी पहिल्या वाचनात सोडून द्या. लिब्रिव्हॉक्सवर फुकट ऑडिओ आहे, तो लावून समोर मजकूर ठेवायचा, बोलीभाषेचे भाग अर्धेअधिक असेच सुटतात, कारण डेव्हनचे शेतकरी आणि गाडीवाले जसे बोलतात तसंच लिहिलंय आणि डोळ्याला ते विचित्र दिसलं तरी कानाला कळतं. एखादा संदर्भ फारच टोचला तर किपलिंग सोसायटीच्या साइटवर गोष्टवार टिपा आहेत, पण त्या गोष्ट संपल्यावर बघा. पैशाचा हिशेब तेवढा आधी डोक्यात ठेवा: बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड.

दुसरी आणि तिसरी गोष्ट

दुसरी घ्या 'ॲन अनसेव्हरी इंटरल्यूड'. सुरुवातच अशी आहे की स्टॉकीच्या अविवाहित मावशीने की आत्याने त्याच्या सोळाव्या वाढदिवसाला दोन पुस्तकं पाठवलीत, आत प्रेमाने लिहून, आणि मित्रांनी ती ताबडतोब बिडफर्डला गहाण टाकायला पाठवलीत. दुकानदार दोन्ही मिळून नऊ पेन्स द्यायला तयार. म्हणजे एक शिलिंगसुद्धा नाही.

ही दोन पुस्तकं कुठली ते माहीत हवं. 'एरिक, ऑर लिटल बाय लिटल', 1858, आणि 'सेंट विनिफ्रेड्स', 1862, दोन्ही फ्रेडरिक फरार या शिक्षक-धर्मगुरूची. एरिक हा चांगला मुलगा, आईवडील हिंदुस्थानात, तो शाळेत जातो आणि कॉपीपासून सुरुवात करून, मग शिव्या, मग धूम्रपान, मग दारू, असा थोडा थोडा घसरत जातो आणि शेवटी मरतो. घरोघरी मोठी माणसं हे पुस्तक पोरांना भेट द्यायची. किपलिंगची तिघं त्यातली रडकी वाक्यं एकमेकांना नाटकी आवाजात ऐकवतात, मास्तरांशी बोलतानासुद्धा मधेच तसली भाषा वापरतात. त्यामुळे कुठे पोरं अचानक फारच सोज्वळ बोलायला लागली तर समजायचं, एरिक चाललाय. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे हा फरारही मुंबईचाच, 1831 मध्ये तिथे जन्मलेला. दोघंही मुंबईत जन्मून लहानपणी इंग्लंडला पाठवलेले, दोघांनीही आपली शाळा पुस्तकात आणली, आणि एकाने व्रात्यपणात पाप पाहिलं तर दुसऱ्याने अक्कल. मला हे फार मोलाचं वाटतं. वेळ असेल तर एरिकची पहिली काही प्रकरणं तरी वाचा, स्टॉकी कशाच्या विरुद्ध उभा आहे ते लख्ख दिसेल.

गोष्ट अशी की किंग मास्तर आंघोळीवरून टोमणा मारतो, त्याच्या हाऊसची पोरं तो उचलतात आणि या तिघांच्या हाऊसला घाणेरडे, वासट म्हणून चिडवायला लागतात. बीटलने घरबांधणीवर काहीतरी वाचलेलं असतं, त्याला कळतं की वरच्या मजल्याची जमीन आणि खालचं छत यांच्यामध्ये पोकळी असते. एक मेलेलं मांजर किंगच्या हाऊसमधल्या पोरांच्या झोपायच्या खोलीखाली त्या पोकळीत जातं. बाकी काम उकाडा करतो. मांजर ही पोरंच मारतात, हे आज वाचताना टोचतं आणि टोचायलाच हवं, घरात मांजर असेल तर आधीच सांगून ठेवतो.

तिसरी 'स्लेव्ह्ज ऑफ द लँप', पहिला भाग. पोरं अल्लादिनच्या नाटकाची तालीम करतायत, किंग येतो, बीटलला सगळ्यांसमोर अपमान करून घेऊन जातो. स्टॉकीकडे बेचकी आहे. रस्त्याने गावातला एक गाडीवाला दारू पिऊन गाडी हाकत चाललाय. बेचकीतून खडा सुटतो तो किंगच्या खिडकीवर नाही, त्या गाडीवाल्यावर. गाडीवाला वर बघतो तर उजेडाच्या खिडकीत किंग मास्तर उभा, आणि किंगला गप्प बसवत नाही, तो आपल्या सवयीने त्या माणसाला फटकारतो. झालं, गाडीवाल्याची खात्री पटते की खडा यानेच मारला, आणि तो रस्त्यावरचे दगड उचलून खोलीचा चुराडा करतो. इथे एक मिनिट थांबा आणि मोजा: स्टॉकीचा वाटा किती? एक-दोन खडे. बाकी सगळं किंगच्या जिभेने आणि गाडीवाल्याच्या दारूने केलं. या गोष्टीची रचना नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या गोष्टी

'द इंप्रेशनिस्ट्स' हलकीफुलकी आहे, प्राउट या तिघांना स्टडीतून काढून बाकीच्या पोरांत राहायला पाठवतो आणि ते त्याच्या संशयालाच खाऊ घालत राहतात, शेवटी तोच बिचारा हात टेकतो. 'द लास्ट टर्म' मध्ये बीटल छापखान्यात जाऊन किंगच्या लॅटिन प्रश्नपत्रिकेच्या जुळवलेल्या टाइपात उलटापालट करून येतो. खिळे जुळवून छपाई कशी व्हायची हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही खोडी जास्त आवडेल. किपलिंगने स्वतः शाळेचं मासिक चालवलं होतं म्हणून हे तपशील इतके पक्के आहेत.

यानंतर 'रेग्युलस' वाचा. इथवर येईपर्यंत किंग मास्तर म्हणजे खलनायक असं डोक्यात बसलेलं असतं. या गोष्टीत किपलिंग आपल्याला त्याच्या वर्गात बसवतो, होरेस या रोमन कवीची एक कविता शिकवणं चाललंय, पोरं अडखळत अर्थ लावतायत, किंग चिडतोय, टोमणे मारतोय, आणि त्या सगळ्यातून ती कविता आणि तिच्यातला रोमन सेनापती रेग्युलस, जो मरण समोर दिसत असताना दिलेला शब्द पाळायला शत्रूकडे परत गेला, तो वर्गात येऊन उभा राहतो. लॅटिनचा एक शब्द येत नसला तरी हे कळतं. किंगच्या मागे खरोखरचा मास्तर होता, क्रॉफ्ट्स, आणि किपलिंगने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्याच्यामुळे दोन वर्षं होरेसचा तिटकारा आला, वीस वर्षं त्याला विसरलो आणि नंतर जन्मभर त्याच्यावर प्रेम केलं. हे वाचून मग मागच्या गोष्टी पुन्हा चाळा. ज्या मास्तराला पोरांनी एवढं छळलं त्याच्याकडूनच ती जिभेने वार करायला शिकलीत, हे तेव्हा दिसतं.

'अ लिटल प्रेप' ला जाताना एवढं माहीत हवं की घटसर्पावर औषध 1890 च्या दशकात मिळायला लागलं, गोष्ट त्याच्या आधीची आहे. त्यामुळे हेडमास्तर एका पोराचा जीव वाचवायला नळीने त्याच्या घशातली घाण स्वतःच्या तोंडाने ओढून काढतो, तेव्हा तो स्वतःचा जीव पणाला लावतोय. आणि कुणाला सांगतही नाही.

'द फ्लॅग ऑफ देअर कंट्री' मात्र दोनदा वाचा. एक खासदार शाळेत येऊन देशभक्तीवर लांबलचक भाषण ठोकतो आणि शेवटी खिशातून काढावा तसा झेंडा काढून फडकवतो, टाळ्यांची वाट बघत. समोरच्या पोरांचे बाप, काका, भाऊ त्याच झेंड्यासाठी कुठे कुठे पुरलेत. पोरं चिडीचूप. कुणी टाळी वाजवत नाही, कुणी हुर्यो करत नाही, आणि त्यानंतर शाळेतली कवायतीची तुकडीच मोडते. खोडकर पोरांच्या पुस्तकात इथे त्या पाहुण्याची कुणी खोडी काढत नाही, आणि सगळ्यात मोठी चपराक हीच बसते. किपलिंगला नुसता साम्राज्याचा भाट समजणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

दोन गोष्टी सांभाळून

'द मॉरल रिफॉर्मर्स' मध्ये दोन दांडगट पोरं एका लहानग्याला छळतायत, पाद्रीबाबा सुचवतो, आणि आपली तिघं त्या दांडगटांना युक्तीने बांधून घालतात. मग त्यांनी लहानग्याला जे जे केलं ते ते त्यांच्यावर करून बघतात, पानंच्या पानं. बऱ्याच लोकांना हे असह्य होतं, पुस्तक आलं त्याच वर्षी रॉबर्ट ब्युकॅनन या लेखकाने किपलिंगवर जो घणाघाती लेख लिहिला त्यात या पुस्तकावर राळ उठवली होती. माझं मत, गोष्ट सोडू नका पण हसत वाचू नका. हॉस्टेलमध्ये रॅगिंग झालेलं ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल की लेखक हे ऐकून लिहीत नाहीये.

आणि सगळ्यात शेवटी 'स्लेव्ह्ज ऑफ द लँप', दुसरा भाग. हा पहिल्या भागानंतर लगेच वाचायचा मोह होईल, नको. बाकी सगळं झाल्यावरच. शाळा सुटून वर्षं झालीत, जुने मित्र एका घरी जमलेत, स्टॉकी तिथे नाहीये आणि सगळे त्याच्याचबद्दल बोलतायत. तो आता हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर अधिकारी आहे, शीख शिपायांसह एका गढीत अडकलाय, बाहेर दोन टोळ्यांचा वेढा. तो रात्री बाहेर पडून एका टोळीच्या माणसाला मारतो आणि प्रेतावर दुसऱ्या टोळीची खूण सोडतो. टोळ्या एकमेकांवर तुटून पडतात. नीट बघा, बेचकी आणि गाडीवाला, तोच डाव, शब्दशः तोच, त्या नाटकातलं गाणंसुद्धा इशारा म्हणून परत येतं. फक्त आता खिडकीच्या काचा नाही, माणसं मरतायत, आणि ती आपल्या बाजूची माणसं आहेत. सांगणारे मित्र कौतुकाने हसतात. आपण हिंदुस्थानातून वाचणारे, आपल्याला ते हसू जमत नाही, आणि ते जमवायचा प्रयत्नही करू नका. हिंदुस्थानात असे स्टॉकी भरलेत असं बीटलच तिथे म्हणतो. मूठभर इंग्रजांनी एवढा मोठा देश कसा हाकला याचा एक खुलासा त्या वाक्यात आहे, आणि तो त्यांच्याच तोंडून आलाय म्हणून जास्त खरा आहे. दोन्ही भाग मग एकामागोमाग पुन्हा वाचा.

मुलांना द्यायचं असेल तर

बारा-तेराच्या आधी नको. स्वतः इंग्लिश वाचायला देण्यापेक्षा 'इन अँबुश' तुम्ही मराठीत सांगत सांगत वाचा, कोल्ह्याचं आधी समजावून द्या, आणि हेडमास्तरच्या खोलीपाशी थांबून विचारा की आता तो काय करेल. मुलं भारी भारी उत्तरं देतात. मांजर आणि मॉरल रिफॉर्मर्स पंधरा-सोळाच्या पुढे.

हे आवडलं तर पुढे काय, तर एफ. अँस्टीचं 'व्हाइस व्हर्सा', 1882. हिंदुस्थानातून आणलेला एक गरुडाचा खडा, आणि त्याच्या करामतीने बाप मुलाच्या रूपात बोर्डिंग शाळेत जाऊन पडतो, शाळेचे दिवस किती सुखाचे म्हणून नुकतंच भाषण दिलेलं असताना. भाषा स्टॉकीपेक्षा खूप सोपी. आणि 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज', 1857, रग्बी नावाच्या शाळेचं, या सगळ्या पुस्तकांचा बाप, त्यात टॉम आणि त्याचा मित्र ईस्ट शाळेच्या घड्याळाच्या मिनिटकाट्यावर आपली नावं कोरून येतात. त्याची सुरुवातीची तीन प्रकरणं सगळी गावाकडची वर्णनं आहेत, ती सरळ सोडा आणि टॉम पहाटे घोडागाडीत बसून शाळेला निघतो त्या चौथ्या प्रकरणापासून धरा.